यंत्राची ताकद की वापरायची सोय? (गेम कन्सोलच्या इतिहासातून एक पाठ)



विषय वाचून काही जण म्हणतील, "मॅडम, पोरं आधीच मोबाईल सोडत नाहीत, त्यात तुम्ही गेमवर लेख लिहायला बसलात!" पण हा लेख गेम कसा खेळायचा यावर नाही. एखादं यंत्र लोकांच्या रोजच्या वापरात येतं ते कशामुळं? ते फार ताकदवान असतं म्हणून, की वापरायला सोपं आणि सोबत न्यायला हलकं असतं म्हणून? असा हा प्रश्न आहे.

शाळेसाठी प्रोजेक्टर घ्यायचा असो की घरात मुलासाठी टॅब, दुकानात गेल्यावर आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रॅम किती? स्क्रीन केवढा?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तो का अपुरा आहे, हे गेम कन्सोलच्या इतिहासात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठं दिसतं. मुलांच्या आवडीचा विषय असल्यामुळं पाचवी ते आठवीच्या वर्गात गणित आणि विज्ञानाला जोडून हा पाठ सहज घेता येतो.

१) आधी शब्द समजून घेऊ

गेम कन्सोल म्हणजे खास व्हिडिओ गेम खेळण्यासाठी बनवलेला छोटा संगणक. काही कन्सोल टीव्हीला जोडावे लागतात, काही हातात धरून खेळता येतात. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम पाहिला असेल. यात्रेत मिळणारा, पेन्सिल सेलवर चालणारा आणि विटा रचायचा ‘ब्रिक गेम’ही आठवत असेल. पहिला टीव्हीचा, दुसरा हातातला.

ताकद म्हणजे यंत्राचा प्रोसेसर किती वेगानं काम करतो, चित्र किती सुबक आणि रंगीत दाखवतो, एका वेळी किती गोष्टी हलवू शकतो. ही ताकद आकड्यात मोजता येते, म्हणून जाहिरातीत तिचाच गाजावाजा असतो.

सोयीचं तसं नाही. तिचा एकच आकडा सांगता येत नाही. यंत्र सुरू करायला किती वेळ लागतो, ते खिशात किंवा दप्तरात मावतं का, लाईट गेली तर चालतं का, पडलं तर फुटतं का, घरातल्या दुसऱ्या कुणाची अडचण होते का, रोजचा खर्च किती, हे सगळं सोयीत येतं. जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं, आणि घरी आणल्यावर मात्र रोज आडवं येतं.

२) कॅल्क्युलेटरच्या काचेतून निघालेला खेळ

जपानमधल्या क्योटो शहरात निन्टेंडो नावाची कंपनी आहे. ती मुळात पत्ते बनवायची. १९६५ मध्ये गुनपेई योकोई नावाचे इंजिनिअर तिथं यंत्रांची देखभाल करायला लागले. पुढं तेच कंपनीचे खेळणी बनवणारे प्रमुख तंत्रज्ञ झाले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. रेल्वेच्या प्रवासात एक नोकरदार माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं उगीच दाबत बसलेला त्यांना दिसला. त्यावरून त्यांना वाटलं, प्रवासात वेळ घालवायला असंच छोटं, कुणाच्या डोळ्यावर न येणारं खेळणं असलं तर?

त्या काळी जपानमध्ये कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कंपन्यांची जोरदार स्पर्धा चालू होती. त्यामुळं कॅल्क्युलेटरमध्ये वापरतात ती एलसीडी काच आणि चिप फार स्वस्त झाली होती. योकोईंनी तीच स्वस्त काच घेऊन १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हा हातातला खेळ काढला. एका यंत्रात एकच खेळ आणि सोबत घड्याळ. तंत्रज्ञान नवं काहीच नव्हतं. नवी होती ती वापरायची पद्धत.

योकोईंचं तत्त्वच तसं होतं. सगळ्यात नवं, महागडं तंत्रज्ञान शोधत बसायचं नाही. जे जुनं होऊन रुळलं आहे, स्वस्त झालं आहे, ज्याच्या खोडी सगळ्यांना माहीत आहेत, ते घ्यायचं आणि त्याचा वेगळा उपयोग शोधायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर घरात आहे त्यातच भागवायचं, पण डोकं लावून. आपण शिक्षक लोक बाटलीच्या झाकणांपासून गणिताचं साहित्य करतो, ते काही फार वेगळं नाही.

३) १९८९ ची लढाई: फिकट गेम बॉय आणि रंगीत प्रतिस्पर्धी

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा दाखला हाच आहे, म्हणून तो जरा निवांत पाहू.

एप्रिल १९८९ मध्ये निन्टेंडोनं जपानमध्ये ‘गेम बॉय’ आणला. पडदा हिरवट, त्यावर करड्या रंगाच्या चारच छटा. पडद्यामागं दिवा नाही, त्यामुळं अंधारात काही दिसायचं नाही. त्याच वर्षी अटारी कंपनीनं ‘लिंक्स’ आणला. त्याचा पडदा रंगीत आणि मागून उजेड असलेला. १९९० मध्ये सेगा कंपनीचा ‘गेम गिअर’ आला, तोही रंगीत आणि उजेडाचा. तिन्ही शेजारी ठेवले असते तर कुणीही म्हटलं असतं, गेम बॉय काही टिकत नाही.

आता हे आकडे पाहा:

- गेम बॉय: ४ पेन्सिल सेल, साधारण १५ तास खेळ. अमेरिकेत किंमत सुमारे ९० डॉलर.
- लिंक्स: ६ पेन्सिल सेल, साधारण ४ ते ५ तास. किंमत सुमारे १८० डॉलर.
- गेम गिअर: ६ पेन्सिल सेल, साधारण ३ ते ५ तास. किंमत सुमारे १५० डॉलर.

शेवटी काय झालं? गेम बॉय आणि त्याचा पुढचा भाऊ गेम बॉय कलर मिळून जगभरात ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. लिंक्स त्याच्याही मागं राहिला.

याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत, आणि ती मुलांना वेगवेगळी करून दाखवली पाहिजेत. किंमत कमी होती. सेल जास्त वेळ टिकायचे. बांधणी दणकट होती: आखाती युद्धाच्या काळात जळून वितळलेला एक गेम बॉय तरीही चालू राहिला, आणि तो अनेक वर्षं न्यूयॉर्कमधल्या निन्टेंडोच्या दुकानात लोकांना पाहायला ठेवला होता. शिवाय अमेरिकेत गेम बॉयसोबत ‘टेट्रिस’ हा गेम मिळायचा. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये तो बनवला होता. वरून पडणाऱ्या विटा रचायच्या, एवढंच. त्याला रंग लागत नाहीत आणि मोठा पडदाही लागत नाही. बसची वाट पाहता पाहता एक डाव खेळून होतो. आपल्याकडच्या यात्रेतला ब्रिक गेम म्हणजे याच टेट्रिसची नक्कल!

म्हणजे यंत्र अशक्त होतं, पण त्या अशक्तपणाला शोभणारा खेळ त्याच्याजवळ होता. दोन गेम बॉय वायरनं जोडायची सोयही होती. पुढं १९९६ मध्ये आलेल्या ‘पोकेमॉन’नं तिचा पुरेपूर फायदा घेतला. आपल्याकडचा पोकेमॉन मित्राला द्यायचा आणि त्याचा आपण घ्यायचा, यासाठी दोन मुलांना शेजारी बसावं लागायचं. यंत्र दप्तरात मावत होतं म्हणूनच हे जमलं.

४) वर्गात घेण्यासारखं गणित

इयत्ता पाचवीला हे उदाहरण जरूर द्या. एका मुलाला महिन्यात ३० तास खेळायचं आहे. गेम बॉयला किती सेल लागतील आणि गेम गिअरला किती?

गेम बॉय: ३० ÷ १५ = २ वेळा सेल बदलायचे. २ × ४ = ८ सेल.

गेम गिअर, ५ तास धरून: ३० ÷ ५ = ६ वेळा. ६ × ६ = ३६ सेल.

गेम गिअर, ३ तास धरून: ३० ÷ ३ = १० वेळा. १० × ६ = ६० सेल.

एका सेलला १५ रुपये धरले, तर महिन्याचा खर्च गेम बॉयला १२० रुपये येतो. गेम गिअरला तो ५४० ते ९०० रुपये होतो. (१५ रुपये हा भाव हिशेबासाठी धरला आहे. तुमच्या दुकानातला भाव मुलांना विचारून आणायला सांगा.)

हे उदाहरण सोडवल्यावर मुलांना विचारा: "दुकानात यंत्र विकत घेताना यातला कोणता आकडा दिसतो?" यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते. चालवायचा खर्च दर महिन्याला असतो. मोटारसायकल घेताना घरातले मोठे ‘ॲव्हरेज किती देते?’ असं आधी विचारतात, हे मुलांना चांगलं माहीत असतं. तिथून ही गोष्ट लगेच डोक्यात बसते.

५) ताकदीची किंमत कुठं कुठं मोजावी लागते?

हा भाग विज्ञानाचा. प्रोसेसर जितका वेगानं चालवायचा तितकी वीज जास्त लागते. वापरलेल्या विजेची शेवटी उष्णता होते. उष्णता बाहेर काढायला पंखा किंवा धातूची पट्टी लागते. वीज पुरवायला बॅटरी मोठी लागते. पंखा आणि मोठी बॅटरी आली की वजन वाढतं, आकार वाढतो, किंमत वाढते.

टीव्हीला जोडायच्या कन्सोलला याची फार चिंता नसते. तो भिंतीच्या प्लगमधून हवी तेवढी वीज घेतो आणि टेबलावर बसून राहतो. हातातल्या यंत्राला मात्र प्रत्येक गोष्टीची कुठंतरी भरपाई करावी लागते. पडदा उजळ केला की बॅटरी लवकर संपते. बॅटरी मोठी केली की हात दुखतो. म्हणून हातातलं यंत्र बनवणाऱ्यासमोर खरा प्रश्न असतो, कोणती गोष्ट कमी केली तर माणसाला फारसं जाणवणार नाही? योकोईंनी रंग सोडले आणि वेळ कमावला.

६) वी यू आणि स्विच: एकाच कंपनीच्या दोन यंत्रांची गोष्ट

निन्टेंडोनं २०१२ मध्ये ‘वी यू’ नावाचा कन्सोल आणला. त्याच्यासोबत टॅबसारखा पडदा असलेला कंट्रोलर होता. टीव्हीवर घरचे दुसरं काही पाहत असतील तर या छोट्या पडद्यावर खेळता यायचं. कल्पना चांगली होती. पण खरं यंत्र टीव्हीजवळच्या डब्यात होतं आणि पडदा त्याच्या आसपासच चालायचा. जरा लांब गेलं की संपर्क तुटायचा. म्हणजे खुंटीला बांधलेली मोकळीक. वी यू जगभरात सुमारे १ कोटी ३५ लाख एवढाच खपला.

मार्च २०१७ मध्ये त्याच कंपनीनं ‘स्विच’ आणला. या वेळी सगळं यंत्र पडद्याच्या मागंच बसवलं. घरी असताना ते एका स्टँडमध्ये ठेवायचं, की चित्र टीव्हीवर. उचललं की तोच खेळ, त्याच जागेपासून, हातात. बाजूचे दोन कंट्रोलर काढून एक मित्राला दिला की दोघांचा खेळ सुरू.

सोनीचा प्लेस्टेशन ४ हा स्विचच्या तीन वर्षांहून जास्त आधी, २०१३ मध्ये आलेला. तरीही चित्रांच्या ताकदीत स्विच त्याच्यापेक्षा बराच मागं होता. पहिल्या स्विचची बॅटरी खेळानुसार अडीच ते साडेसहा तास चालायची. २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली तेव्हा लोकांना जाणवलेला मोठा फरक होता बॅटरीचा: साडेचार ते नऊ तास. त्याच वर्षी ‘स्विच लाइट’ही आला. तो आणखी लहान आणि स्वस्त होता, पण टीव्हीला जोडता येत नव्हता. तोही लोकांनी घेतला. आजवर स्विच १५ कोटींहून जास्त विकले गेले. प्लेस्टेशन ४ सुद्धा चांगलाच खपला, सुमारे ११ कोटी ७० लाख. पण पुढं गेला तो स्विच.

पालकांनी आपल्या घरातली संध्याकाळ डोळ्यासमोर आणावी. टीव्ही एकच. सात ते दहा मालिका, मध्ये आजोबांच्या बातम्या. टीव्हीला जोडायचं यंत्र कितीही भारी असलं तरी त्याचा नंबर लागणार कधी? जपान-अमेरिकेतल्या घरातही भांडण हेच. ‘टीव्ही मोकळा असेल तरच’ ही अट स्विचनं काढून टाकली.

७) आपल्याकडची उदाहरणं

आपल्या उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावात स्विच किंवा प्लेस्टेशन किती घरांत सापडतील? फारच थोड्या. पण हाच धडा आपण वेगळ्या यंत्रांवर गिरवलेला आहे.

पहिलं उदाहरण नोकिया ११०० चं. हा फोन २००३ मध्ये आला. कॅमेरा नाही, रंगीत पडदा नाही. पण वरच्या बाजूला टॉर्च होती आणि बटणांमध्ये धूळ जात नव्हती. रात्री शेताला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यापेक्षा टॉर्च जास्त कामाची. त्यात सापाचा गेमही होता. दोन-तीन दिवस चार्जिंगची आठवण यायची नाही. जगभरात हा फोन २५ कोटींच्या आसपास विकला गेला.

दुसरं उदाहरण थेट महाराष्ट्रातलं: ‘लुडो किंग’. नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीच्या विकास जयस्वाल यांनी तो २०१६ मध्ये आणला. तंत्रज्ञानाच्या दृष्टीनं त्यात डोळे दिपवणारं काहीच नाही. पट, चार रंगांच्या सोंगट्या, एक फासा. पण साध्या स्वस्त फोनवर तो चालतो. इंटरनेट नसलं तरी चालतो. एकच फोन चौघांच्या मध्ये ठेवून आळीपाळीनं खेळता येतो. शिकवावा लागत नाही, कारण आजीलाही लुडो येतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी हाच गेम दिसत होता, आणि त्याचे डाउनलोड १० कोटींच्या कितीतरी पुढं गेले. त्याच काळात महागड्या संगणकावर चालणारे, सिनेमासारखे दिसणारे शेकडो गेम जगात होते. पण ते आजी, नातू आणि काकूला एका सतरंजीवर बसवू शकत नव्हते.

आणि लुडो तरी मूळचा कुठला? आपल्याच पचीसीवरून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये तो घडवला गेला. फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या महालाच्या अंगणात दगडी फरशीवर पचीसीचा भलामोठा पट आखलेला आहे. सोंगट्यांच्या जागी माणसं उभी करून बादशहा खेळायचा, असं सांगतात. तो पट बघायला आजही सिक्रीलाच जावं लागतं. घरोघरी पोचला तो कापडाचा पट: गुंडाळायचा, कवड्या पिशवीत टाकायच्या आणि निघायचं. कवड्या नसल्या तर चिंचोके. तेही नसलं तर पारावर खडूनं आखलेली घरं. बादशहाच्या अंगणापेक्षा कापडाची घडी जास्त लांब गेली!

८) थांबा, पण सोय म्हणजेच सगळं नाही

इथपर्यंत वाचून मुलं लगेच नियम करून टाकतील: ‘लहान आणि कमी ताकदीचं तेच चांगलं.’ तसा नियम नाही, हे त्यांना सांगायलाच हवं.

सेगानं १९९५ मध्ये ‘नोमॅड’ नावाचं हातातलं यंत्र काढलं. टीव्हीवरचे गेम त्यावर जसेच्या तसे चालायचे. पण ६ सेल दोन-तीन तासांत संपायचे. नावाला हातातलं, पण प्रवासात निरुपयोगी. सोनीचा २०११ चा ‘प्लेस्टेशन व्हीटा’ ताकदवान होता, पडदा सुंदर होता, खिशातही मावत होता. पण त्याला कंपनीचंच खास मेमरी कार्ड लागायचं आणि ते महाग होतं. त्याच्यासाठी मोठे गेमही हळूहळू बंद झाले. म्हणजे यंत्र उचलता येतं एवढ्यानं भागत नाही. उचलून नेल्यावर त्याचा उपयोग व्हायला हवा.

काही कामांना ताकद लागतेच. मोठा सिनेमासारखा गेम, व्हिडिओचं संपादन किंवा नकाशे-आराखड्यांचं काम छोट्या यंत्रावर होत नाही. ट्रॅक्टरचं काम मोटारसायकलवर होत नाही, पण रोज शाळेत यायला कुणी ट्रॅक्टर काढत नाही. आधी काम ठरवायचं, मग यंत्र.

आणि सोयीची एक काळी बाजू आहे, ती पालकांनी नीट समजून घ्यावी. टीव्हीला जोडलेला गेम बंद करायला घरातलं वातावरणच मदत करायचं. जेवणाची हाक यायची, मालिका लागायची, लाईट जायची. खिशातल्या फोनला असा कुठलाच अडथळा नाही. पब्जी हा गेम आधी २०१७ मध्ये संगणकावर आला, त्याला भारी संगणक लागायचा. २०१८ मध्ये तो मोबाईलवर आला आणि गावोगावची पोरं त्यात बुडाली. चित्रं आधीपेक्षा साधी होती, पण तो चोवीस तास हाताशी होता. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं त्यावर बंदी घातली, तोवर अनेक घरांत भांडणं होऊन गेली होती.

ज्या सोयीमुळं यंत्र चांगलं ठरतं, त्याच सोयीमुळं ते सुटत नाही. म्हणून जितकं यंत्र सोयीचं, तितका घरातला नियम पक्का हवा. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत, झोपताना चार्जिंगला मोठ्यांच्या उशाशी, खेळायची वेळ आधी ठरलेली. कंपनी मुद्दाम अडथळे ठेवणार नाही, ते आपणच ठेवायचे.

९) हा धडा शाळेला कसा लागू होतो?

आपल्या भागातल्या एका शाळेत मी काही वर्षांपूर्वी संगणक कक्ष पाहिला होता. नाव सांगत नाही, कारण अशा खोल्या खूप ठिकाणी आहेत. यंत्रं चांगली होती, त्यांवर स्वच्छ कापडी कव्हरं होती, दाराला कुलूप होतं. विजेचं बिल थकलं होतं. बॅटरी बॅकअप बंद पडला होता. किल्ली ज्यांच्याकडे असायची ते गुरुजी त्या दिवशी प्रशिक्षणाला गेले होते. यंत्रांच्या ताकदीत काहीच कमी नव्हतं. मुलापासून त्या यंत्रापर्यंत पोचायला मात्र चार दारं होती, आणि रोज त्यातलं एक तरी बंद असायचं.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले. पुस्तक मुलाच्या दप्तरात आहेच, फोन घरात कुणाकडे तरी आहेच. कोड स्कॅन केला की त्या पाठाचा व्हिडिओ किंवा कविता समोर. क्यूआर कोड हे काही नवं तंत्रज्ञान नव्हतं, कारखान्यांत आणि दुकानांत ते आधीपासून वापरलं जात होतं. योकोईंचं तत्त्व परितेवाडीत असं भेटतं! पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. डिसेंबर २०२० मध्ये डिसले गुरुजींना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

तरीही क्यूआर कोड सगळ्यांना सोयीचा आहे का, हे विचारलंच पाहिजे. आमच्याकडं अशी मुलं आहेत ज्यांच्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांसोबत सकाळी बाहेर पडून रात्री परत येतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या मुलांचं तर वेगळंच. लॉकडाऊनमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली, तेव्हा टीव्ही असलेल्या घरातल्या मुलांना ती फोनपेक्षा सोयीची पडली, कारण डेटा लागत नव्हता. ज्यांच्या घरी टीव्हीही नव्हता त्यांना छापील स्वाध्याय कागदच कामाला आला. सोय कुणाची, हे घर बघून ठरतं. दुकान बघून ते कळत नाही.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत लोकवर्गणीतून साहित्य घ्यायचा विषय निघाला, की मी एक मुद्दा हमखास मांडते. एका खोलीत भिंतीला कायमचा बसवलेला मोठा बोर्ड घेतला, तर तो एकाच वर्गाला मिळतो. त्याच पैशात उचलून नेता येणारा छोटा प्रोजेक्टर आणि चार्जिंगचा स्पीकर आला, तर पहिली ते पाचवी सगळ्यांना पाळीपाळीनं वापरता येतो. चित्र थोडं फिकट येईल. खिडकीला चादर लावावी लागेल. पण दोन शिक्षकी शाळेत, एकाच खोलीत दोन-दोन वर्ग बसतात तिथं, वर्गापर्यंत चालत येणारं यंत्रच खरं उपयोगी.

१०) खरेदीआधी विचारायचे सात प्रश्न

शाळा असो की घर, पैसे देण्याआधी हे प्रश्न कागदावर लिहून उत्तरं भरा:

१. हे यंत्र नेमक्या कोणत्या कामासाठी हवं आहे? एका वाक्यात लिहा.
२. रोज ते कोण उघडणार? त्या व्यक्तीला कुणाच्या मदतीशिवाय सुरू करता येईल का?
३. सुरू करण्यापासून प्रत्यक्ष काम चालू होईपर्यंत किती पायऱ्या आहेत? मोजा.
४. लाईट गेली किंवा रेंज गेली तर त्यातलं किती चालू राहतं?
५. दर महिन्याचा खर्च किती? (सेल, वीज, डेटा, दुरुस्ती)
६. बिघडलं तर दुरुस्ती उमरग्यात होते, की सोलापूर-लातूरला न्यावं लागतं?
७. एका दिवसात किती मुलांच्या हाताला ते लागेल?

या सातांची उत्तरं समाधानकारक आली, की मग रॅम आणि स्क्रीनची चौकशी जरूर करा.

वर्गातला उपक्रम

मुलांचे चार-चारचे गट करा. प्रत्येक गटानं घरातली दोन साधनं निवडायची: एक ताकदीचं आणि एक सोयीचं. उदा. मिक्सर आणि खलबत्ता, टेबल फॅन आणि हातपंखा, भिंतीवरचं घड्याळ आणि मनगटी घड्याळ. आठवडाभर कोणतं साधन किती वेळा वापरलं गेलं याच्या खुणा वहीत करायच्या आणि आठवड्याच्या शेवटी चित्रालेख काढायचा. कोणतं साधन जास्त ताकदीचं आणि कोणतं जास्त वापरलं गेलं, हे दोन वेगळे रकाने ठेवा. निष्कर्ष मुलांना स्वतः काढू द्या. काही ठिकाणी ताकदीचं साधन जिंकेल, तेही बरोबरच. ‘का जिंकलं?’ याचं उत्तर त्यांनी तीन ओळींत लिहावं, एवढाच आग्रह धरा.

तुमच्या वर्गात कोणत्या जोड्या निघाल्या आणि मुलांनी काय कारणं लिहिली, ते जरूर कळवा. निवडक उत्तरं पुढच्या पाठात घेऊ.